प्रोसेसरास हातानें वेग देणें

घरांत इंजिनीअरिंगचा विद्यार्थी असला म्हणजे संगणकाचा प्रोसेसर ‘ओव्हरक्लॉक’ करण्याची, म्हणजे कारखान्यानें नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगानें चालविण्याची, गोष्ट केव्हां तरी निघतेच. वडील मंडळी एकदम ‘नको’ म्हणतात. त्यांचा निर्णय बव्हंशीं योग्य आहे. पण नुसत्या नकारानें मुलाचें समाधान होत नाहीं, त्यास कारण हवें असतें.

एके काळीं हा उद्योग खरोखरच किफायतीचा होता. १९९८ सालचा इंटेलचा ‘सेलेरॉन ३००ए’ घ्या. त्याचा गुणक साडेचार, तो बदलतां येत नसे. परंतु मदरबोर्डाच्या बसचा वेग ६६ ऐवजीं १०० मेगाहर्ट्‌झ केला कीं ३०० चे ४५० होत. दीडपट वेग, तोही पदरचा पैसा न घालतां! कारखानदारानें सावधपणें राखून ठेवलेली ती शिल्लक होती.

आतां ती शिल्लक तो स्वतःच विकतो. २००८ सालीं इंटेलनें ‘टर्बो बूस्ट’ आणलें. तेव्हांपासून प्रोसेसर उष्णता व वीज यांचा अंदाज घेऊन आपला वेग आपणच वाढवूं लागला. २०२३ चा ‘कोअर आय९-१४९००के’ मूळचाच ६ गिगाहर्ट्‌झपर्यंत धांवतो. त्यावर हातानें कितीसें मिळणार? आणि येथें साधें त्रैराशिक चालत नाहीं. उष्णता वेगाच्या पटींत तर वाढतेच, शिवाय विद्युद्दाबाच्या वर्गाच्या पटींत वाढते. समजा, वेग शेंकडा ५ वाढविण्यासाठीं दाब शेंकडा १० वाढवावा लागला, तर १.०५ × १.१० × १.१० म्हणजे सुमारें १.२७. पांच टक्के वेगासाठीं सत्तावीस टक्के अधिक उष्णता, आणि तीही आपल्याकडील वैशाखांत! २०२४ मध्यें तर कोणी हात न लावतांच तेराव्या व चौदाव्या पिढीचे कित्येक प्रोसेसर प्रमाणाबाहेरच्या दाबामुळें अस्थिर झाल्याचें उघड झालें, आणि इंटेलला त्यांच्या हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढवावी लागली. आपण होऊन दाब वाढविणारानें मात्र हमीची आशा धरूं नये.

मुलाचे हात शिवशिवतच असतील, तर त्यानें उलट दिशेस जावें. दाब थोडथोडा उतरवीत न्यावा; अलीकडच्या रायझन प्रोसेसरांस त्यासाठीं ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ नांवाची सोय आहे. यंत्र थंड राहतें, पंखा कमी घोंघावतो आणि वाढीव वेग पुष्कळदां अधिक वेळ टिकतो. कंपनीच्या लेखीं हेंही हमीबाहेरचेंच. पण यांत प्रोसेसर जळण्याची भीति नाहीं. फार तर संगणक अडखळून बंद पडतो, आणि उघडी असलेली फाईल जाते.

म्हणूनच, ज्या संगणकावर सूनबाईंचें कचेरीचें काम नि धाकट्याचा प्रबंध दोन्हीं आहेत, तो प्रयोगाला देऊं नये. माळ्यावरचा जुना काढून द्यावा.