पट्टी, शेंगदाणे आणि साठ मीटर

परवा लालबागच्या बाजारात मी कंपासपेटीतली पट्टी घेऊन गेले होते. हसू नका! नेहमीच्या मावशींच्या टोपलीतलं एक पापलेट उचललं, पट्टीवर आडवं ठेवलं आणि तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजलं. साडेअकरा सेंटीमीटर भरलं. मावशी बघतच राहिल्या. म्हणाल्या, "काय गो बाय, मासे घ्यायला आलीस का कापड?"

त्याचं असं झालं. आमच्या चौथीच्या वर्गात लांबीची मापं चालू होती. मिलिमीटर म्हणजे काय, ते कुणाच्या डोक्यात शिरेना. मग मी फळ्यावर लिहिलं : पापलेट १३५, बोंबील १८०, मांदेली ११५, घोळ ७००. "ही काय आहेत, ओळखा पाहू!" कुणी म्हणालं भाव, कुणी म्हणालं वजन. वरळी कोळीवाड्यातून येणारी एक मुलगी मात्र लगेच म्हणाली, "बाई, यापेक्षा लहान पकडायचे नाहीत."

अगदी बरोबर. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी कमीत कमी लांबी ठरवून दिली. ही मापं काढून दिली केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी. त्यामागचा विचार साधा आहे. माशाने आयुष्यात निदान एकदा तरी अंडी घातलेली असावीत, मग तो आपल्या ताटात यावा. त्याआधीच उचलला, तर पुढची पिढी येणार कुठून? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पापलेटाला 'राज्यमासा' असा मान मिळाला होता. मान मिळाला म्हणून पापलेटं वाढली असं नव्हे हं! उलट ती कमी होत चालली, म्हणूनच तर मान द्यावा लागला.

तर मी मावशींना म्हटलं, "मावशी, हे तर दोन सेंटीमीटर कमी आहे. असं पिल्लू विकायचं नसतं ना?"

मावशींनी कोयता बाजूला ठेवला. म्हणाल्या, "तू बोलतेस ते खरं. पण मोठं घ्यायला सांगितलं की तुम्हीच बोलता, महाग झालं, त्या वाट्यातलं लहान दे. तुम्ही घेता म्हणून ते टोपलीत येतं."

मी गप्प. कारण गेल्या महिन्यात तो वाटा मीच घेतला होता.

मग बोंबील घेतले. ते मोजायला गेले तर पट्टीच अपुरी पडली. 

शाळेत आल्यावर आम्ही एक खेळ खेळलो. तुम्हीही घरी खेळून बघा. पाच जण हवेत, एक ताटली हवी आणि वीस शेंगदाणे. ताटली म्हणजे समुद्र, शेंगदाणे म्हणजे मासे. वीस अंक मोजेपर्यंत ज्याला जेवढे उचलायचे तेवढे उचलू द्यायचे. मग ताटलीत जितके उरले असतील तितकेच आणखी घालायचे, कारण माशांना पिल्लं होतात. पण वीसच्या वर जायचं नाही, समुद्रात जागाच तेवढी.

पहिल्या डावात मी पाचसुद्धा मोजले नसतील, ताटली रिकामी. शून्याची दुप्पट शून्य. समुद्र संपला. एकाच्या मुठीत नऊ, एकीच्या हातात एकच, आणि तिचे डोळे भरलेले.

दुसऱ्या डावात मी नियम केला. प्रत्येकाने दोनच घ्यायचे. हिशेब करा पाहू : पाच दुणे दहा गेले, दहा उरले, पुन्हा वीस झाले. हा खेळ संध्याकाळपर्यंत चालला असता. पण मी फळ्याकडे वळले आणि परत बघते तो ताटलीत सहाच! "कुणी घेतले?" कुणीच नाही. सगळ्यांची तोंडं मात्र हलत होती.

तिसऱ्या डावाच्या आधी मी म्हटलं, "आता माझा नियम नाही. तुम्हीच बसून ठरवा." बापरे, काय भांडण झालं! फुटका शेंगदाणा पूर्ण धरायचा की अर्धा? ज्याने डबा आणला नाही त्याला एक जास्त द्यायचा का? पंधरा मिनिटं गेली त्यात. शेवटी ठरलं : दोनच घ्यायचे, फुटके शेवटी वाटायचे, आणि राखण करणार आधी नऊ उचलणारा मुलगा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! पण सांगते, त्याने इतकी कडक राखण केली की शेजारणीने तिसरा शेंगदाणा उचलताच त्याने तिचा हात धरला. एकीने तरीही लबाडी केलीच. पण या वेळी ती मी पकडली नाही, मुलांनीच पकडली.

हा खेळ खरोखरच्या समुद्रावरही चाललेला आहे बरं का. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. हा झाला कायदा. पण कायद्याच्या कितीतरी आधीपासून कोळी लोक पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवत आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मगच पुन्हा निघत. समुद्र खवळलेला असतो हे एक कारण, आणि पुष्कळ मासे त्याच दिवसांत अंडी घालतात हे दुसरं. पालघर जिल्ह्यातलं सातपाटी हे पापलेटासाठी नावाजलेलं गाव. तिथल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्था कित्येक वर्षं सांगत होत्या की लहान पापलेट पकडणं थांबवा, जाळ्याचा आस मोठा ठेवा. (आस म्हणजे जाळ्याचं भोक. बारीक आसातून पिल्लू निसटूच शकत नाही.) पकडणारेच सांगत होते, पकडू नका!

जपानमध्ये १९४९ साली कायदा झाला आणि किनाऱ्याजवळच्या मासेमारीचे हक्क तिथल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे आले. तिथे सुरुगा नावाच्या उपसागरात गुलाबी रंगाची इवलीशी कोळंबी मिळते. ती पकडणाऱ्या होड्या सगळ्यांची कमाई एकत्र करतात आणि वाटून घेतात. मग दुसऱ्याच्या आधी ओरबाडायची घाईच उरत नाही.

आणि जिथे विचारलं नाही, तिथे काय झालं? कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कॉड मासा इतका मिळे की तो कधी संपेल असं कुणाला वाटलंच नसेल. लहान होड्यांवरचे मच्छीमार १९८० नंतर सांगू लागले की मासा कमी होतोय, लहान होतोय. मोठमोठी जहाजं खोल समुद्रात पकडतच राहिली. २ जुलै १९९२ ला सरकारला कॉडची मासेमारी बंदच करावी लागली आणि सुमारे ३० हजार माणसांचं काम गेलं.

वर्गात हे सांगत होते तेवढ्यात मागच्या बाकावरून एक जण उठला, डब्यातला चमचा घेऊन आला आणि ताटलीतले शेंगदाणे एकदम भरून घेतले. "मी मोठी बोट!" आरडाओरडा झाला. पण पोराने मुद्द्याचंच केलं होतं. पर्ससीन नावाचं जाळं असतं, ते माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालतं आणि मग बटव्याची नाडी ओढावी तसं खालून बंद होतं. काही बोटी तर रात्री समुद्रात एलईडीचे झगझगीत दिवे लावून मासे गोळा करत. राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्र सरकारने २०१७ मध्ये दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. तरी भांडण मिटलेलं नाही, कारण त्या मोठ्या बोटींवरही खलाशी असतात आणि त्यांचीही मुलं शाळेत जातात. एकाच समुद्राच्या ताटलीभोवती किती जण बसलेत बघा : छोटे नाखवा, मोठे बोटवाले, खलाशी, मासे विकणाऱ्या मावश्या, शास्त्रज्ञ, सरकार, आणि पिशवी घेऊन उभे असलेले तुम्ही-आम्ही.

आता साठ मीटरची गोष्ट. ती आपल्या दारातलीच आहे.

मरीन ड्राइव्हकडून वरळीकडे जाणारा सागरी किनारा रस्ता तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याचं काम २०१८ मध्ये सुरू झालं. वरळीच्या टोकाला तो पुलाने सी लिंकला जोडायचा होता. त्या पुलाचे खांब येणार होते नेमके वरळी कोळीवाड्याच्या होड्यांच्या वाटेवर. महापालिकेचं म्हणणं, दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवतो, होड्यांना पुरे. कोळी म्हणाले, पुरत नाही, २०० मीटर हवं.

आमच्या वर्गातलाच एक मुलगा म्हणाला, "बाई, साठ मीटर म्हणजे खूप झालं की!" साठ मीटर म्हणजे क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्या एकापुढे एक. एक होडी तर त्यातून सहज जाईल. मग कोळी हट्टी का?

उत्तर त्या कोळीवाड्यातल्या मुलीने दिलं. "बाई, होडीला ब्रेक नसतो." बस्स, एवढंच. समुद्र म्हणजे रस्ता नव्हे. खाली खडक आहेत, त्यामुळे होड्यांची वाट आधीच ठरलेली आणि अरुंद. वारा आणि भरतीची लाट होडीला आडवी ढकलते. समोरून दुसरी होडी येते. अंधारात, पहाटे, जाळी भरलेली असताना खांब चुकवायचा असतो. खांबाभोवतीचं संरक्षक बांधकाम धरलं तर ६० मीटरही पूर्ण मिळणार नाहीत, असंही त्यांचं म्हणणं होतं. हे कागदावरच्या नकाशात दिसत नाही. ते ज्याच्या हातात सुकाणू असतं त्यालाच ठाऊक.

ते कोर्टात गेले. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्याची पर्यावरण परवानगी रद्द केली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. मग कोळ्यांनी समुद्रात होड्या उभ्या करून पुलाचं काम अडवलं. अर्ज झाले, बैठका झाल्या. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की मधला एक खांब काढून अंतर १२० मीटर करू. सहा खेळपट्ट्या! मग खांबाऐवजी मोठी कमान आली. एप्रिल २०२४ मध्ये सुमारे १३६ मीटर लांबीची, सुमारे २००० टनांची पहिली लोखंडी कमान माझगावहून तराफ्यावर ठेवून समुद्रातून आणली आणि बसवली. गाडीतून जाताना ती दिसते. तिला मी 'कोळ्यांची कमान' म्हणते. असं नाव कुठे लिहिलेलं नाही हं, ते माझं आपलं.

आता आई-बाबांना विचारते : होड्या चालवणाऱ्यांचं म्हणणं नकाशा काढण्याआधीच ऐकून तसाच नकाशा काढला असता, तर? वेळ गेला, खर्च वाढला, होड्या खाडीत अडकल्या, ते सगळं वाचलं नसतं का? आणि आजही खडकांवर कालवं वेचणाऱ्या बायकांचं किती नुकसान झालं, ते मोजायला आपल्याकडे कुठली पट्टी आहे? मोठ्यांनी यावर जरूर बोलावं, मुलांदेखत बोलावं.

नारळी पौर्णिमेनंतर एका शनिवारी आम्ही वर्ग घेऊन वरळीच्या धक्क्यावर गेलो. त्या मुलीचे आजोबा जाळं विणत बसले होते. त्यांनी मुलांना आस मोजून दाखवला, डोल जाळ्याचं तोंड भरतीकडे कसं धरतात ते सांगितलं, आणि सगळ्यांना सुके जवळे खायला दिले. (दोघांनी नाक मुरडलं, नंतर त्यांनीच जास्त खाल्ले.) समोर कमानीखालून एक होडी निवांत बाहेर पडली.

साठ मीटर म्हणजे खूप, असं म्हणणारा तो मुलगा किती वेळ बघत राहिला. मग त्याने विचारलं, "आजोबा, तुम्हाला दोनशे पाहिजे होते ना? मग एकशेवीस पुरतात का?"

आजोबांनी सुई थांबवली. "आज समुद्र निजलाय, बाळा," ते म्हणाले. "भरती असेल, वारा सुटला असेल, तेव्हा ये. माझ्या होडीत बस. मग तूच मला सांग."