सुट्या भागांची मुदत सांगा

निकॉनची १८-१०५ ही झूम लेन्स ऑगस्ट २००८ मध्ये डी-९० कॅमेऱ्याबरोबर आली. कंपनीच्या लेखी गिऱ्हाईक हौशी होते. पिशोरसारख्या बाजारपेठेच्या गावांत मात्र अशा किट लेन्सवरच लग्नाच्या ऑर्डरी निघतात. १८ वर अख्खे वऱ्हाड फ्रेममध्ये बसते, १०५ वर गर्दीमागूनही नवरीचा चेहरा टिपता येतो. मंगलाष्टके चालू असताना लेन्स बदलत बसायला सवड कोणाला? या लेन्सचे उत्पादन आता बंद झाले आहे.

तेवढ्याने ती निकामी होत नाही. तिच्या उणिवा जुन्याच आहेत. १८ वर अपर्चर ३.५ पर्यंत उघडते, १०५ वर ५.६ पर्यंतच, झूम पुढे नेला की उजेड अडीच पटींनी घटतो. गोरज मुहूर्ताला ते चांगलेच जाणवते. व्हीआर हाताचा कंप सावरते, नवरदेवाची चुळबुळ नव्हे. फ्लॅशने ही कसर बरीचशी भरून निघते.

सुट्या भागांचे मात्र तसे नाही. हिचे माउंट प्लॅस्टिकचे आहे. मांडवात जोराचा धक्का बसला आणि त्याची एखादी पाकळी तुटली, की लेन्स कॅमेऱ्यावर नीट बसत नाही. भाग किरकोळ, पण तो मिळाला नाही तर उत्तम काचा भंगारात जातात. दुसरे दुखणे बुरशीचे, स्टुडिओवाल्यांच्या भाषेत फंगसचे. चातुर्मासात मुहूर्त नसतात, लेन्स बॅगेत पडून राहते आणि हवेत ओल नेमकी तेव्हाच जास्त असते. बाहेरच्या काचेवरची बुरशी पुसता येते. दोन काचांमधली काढायची तर लेन्स उघडावीच लागते. म्हणून जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून पाहावे आणि पावसाळ्यात ती सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी.

१९५९ पासूनच्या एफ-माउंटनंतर निकॉनने २०१८ मध्ये झेड-माउंट आणले. कंपनीने पुढे जावे, आमची हरकत नाही. पण केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा भर शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहनांवर होता. कॅमेऱ्यावर पोट असणाऱ्यांचाही विचार व्हावा. उत्पादन थांबवताना सुटे भाग कोणत्या वर्षापर्यंत मिळतील, हे जाहीर करणे प्रत्येक कंपनीला बंधनकारक हवे. ते वर्ष कळले तर स्टुडिओवाला एखादे माउंट आधीच घेऊन ठेवील, नाहीतर तुळशीच्या लग्नाआधी लेन्स विकून मोकळा होईल.