विलंबाचा भुर्दंड कोणी सोसावा?
मावळातील नवलाख उंबरे येथील दिव्यांगाला अर्थसाह्यासाठी वडगावच्या तहसील कचेरीकडे डोळे लावून बसावे लागते. १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांची मासिक रक्कम २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये झाली, हे योग्यच झाले. परंतु अर्जातील त्रुटी कळविणारे पत्र टपालात रेंगाळले आणि त्यापायी मंजुरी महिनाभर लांबली, तर त्या २,५०० रुपयांचा भुर्दंड कोणाच्या माथी? टपाल खात्याच्या नव्हे, कचेरीच्याही नव्हे. तो सोसतो अर्जदारच. त्याची ही तूट कोणत्याही सरकारी ताळेबंदात दिसत नाही! तेव्हा मंजुरी अर्जाच्या तारखेपासून लागू व्हावी; त्रुटीपूर्ततेची मुदतही पत्र हाती पडल्यापासूनच मोजली जावी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात अपिलाचे ३० दिवस निर्णय मिळाल्यापासूनच मोजले जातात.