मूल शाळेचें कीं घरचें?

कोणत्याहि गांवच्या पारावर बसा. शिक्षणाचा विषय निघाला कीं दोन तक्रारी हमखास ऐकूं येतात. शेतकरी म्हणतो, “मास्तर शिकवीत नाहींत.” मास्तर म्हणतो, “आईबाप मूल पाठवीत नाहींत, आणि पाठविलें तरी घरीं अभ्यासाला बसवीत नाहींत.” दोघांच्याहि म्हणण्यांत थोडेंबहुत तथ्य आहे. परंतु दोघे एकमेकांकडे बोट दाखवीत बसले म्हणजे नुकसान तिसऱ्याचेंच होतें. आणि हा तिसरा म्हणजे ज्याला आपली तक्रार अजून मांडतांहि येत नाहीं तें मूल होय. आम्ही खेड्यांतले शिक्षक आहों. म्हणून दोन्ही बाजूंस चार शब्द स्पष्टपणें सांगणें आमचें काम आहे असें आम्ही समजतों.

हा वाद आजचा नाहीं. १८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन केलें. सरकारचा वसूल रयतेच्या घामांतून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो, हा त्यांचा आक्षेप होता. आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, ही त्यांची मागणी होती. एवढें पुष्कळांस ठाऊक आहे. पण मास्तर कसा असावा हेंहि त्यांनीं त्याच निवेदनांत सांगितलें. तो शेतकरीवर्गांतला असावा, लोकांत मिसळणारा असावा, आणि प्रसंग पडल्यास नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वांकस हातीं धरण्यास न लाजणारा असावा. याचा अर्थ उघड आहे. ज्याला मुलाचें घर ठाऊक नाहीं त्याला मूल शिकवितां येत नाहीं.

पुढें १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि मूल न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. गरिबाला त्या काळीं रुपया ही लहान रक्कम नव्हती. या दंडाची गोष्ट व्यासपीठावरून मोठ्या आवडीनें सांगितली जाते. पण सांगणारे अर्धी गोष्ट गाळतात. महाराजांनीं नुसता दंड बसविला नाहीं. फी माफ केली, शाळांचा भार दरबारच्या तिजोरीवर घेतला, आणि त्याहि आधीं, १९०१ पासून, कोल्हापुरांत निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें निघालीं होतीं. राजानें आधीं आपलें कर्तव्य केलें, मग पालकाला त्याचें कर्तव्य विचारलें. हा क्रम जो विसरतो त्याला गरीब आईबापांस दोष देण्याचा अधिकार पोंचत नाहीं.

आज कायदा काय म्हणतो? २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनें ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचें शिक्षण हा मूलभूत हक्क ठरविला. त्याच दुरुस्तीनें, त्या मुलांना शिक्षणाची संधि देणें हें आईबापांचें मूलभूत कर्तव्यहि ठरविलें. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्यांत पालकास दंड नाहीं. परंतु मूल दाखल करणें हें त्याचें कर्तव्य म्हणून लिहिलें आहे. शिक्षकाचींहि कर्तव्यें लिहिलीं आहेत. त्यानें वेळेवर यावें, अभ्यासक्रम पुरा करावा, पालकांच्या सभा नियमानें घ्याव्या आणि मुलाची हजेरी व प्रगति त्यांस सांगावी. शिवाय प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती हवी. तींत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. म्हणजे, बंधुभगिनींनो, तुमच्या गांवची शाळा कायद्यानें तुमच्याच देखरेखीखालीं आहे!

पण पुष्कळ ठिकाणीं घडतें काय? सभा भरते सकाळीं अकराला. त्या वेळीं बाप औतामागें आणि आई खुरपणीला. मग सभेची वही घरोघर फिरते, कोणी सही करतो, कोणी अंगठा उठवितो, आणि न भरलेली सभा कागदावर भरते. आमचें म्हणणें असें कीं ही सभा दिवेलागणीनंतर भरवावी. मास्तरांस उशीर होईल, हें खरें. पण अंगठा घेऊन चालविलेल्या शाळेला पालकांचा आधार कधींच मिळावयाचा नाहीं.

याहून कठीण प्रश्न ऊसतोडीचा आहे. दिवाळीच्या आगेंमागें बीड, अहिल्यानगर वगैरे जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें मुकादमाची उचल फेडण्यासाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं चैत्राच्या सुमारास परततात. तोडणीच्या हिशेबांत नवराबायको मिळून एक ‘कोयता’ होतो. त्या हिशेबांत मूल कोठेंच नाहीं. पण कोपीवर तान्ह्याला सांभाळते ती आठदहा वर्षांची बहीणच. पहिली ते पांचवीची शाळा कायद्यानें वर्षास निदान २०० दिवस भरली पाहिजे. त्यांतले निम्म्याच्या आसपास दिवस या मुलीचे फडांत जातात. दोनतीन वर्षें असें झालें कीं फळ्यावरचें तिला परकें वाटूं लागतें. मग घरचे म्हणतात, “हिचें डोकें चालत नाहीं,” आणि तिच्या लग्नाची घाई सुरू होते. डोकें चालत नाहीं कीं आपण तिला शाळेपर्यंत चालूं दिलें नाहीं?

येथें केवळ आईबापांस बोल लावून भागणार नाहीं. कर्जाचें ओझें डोक्यावर असतां कोणी हौसेनें फडावर जात नाहीं. पण म्हणून कांहींच करतां येत नाहीं असेंहि नाहीं. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांस शाळेंत घेणें हें स्थानिक सत्तेचें कर्तव्य कायद्यानें सांगितलें आहे. मुलांना गांवींच ठेवून जेवूं घालण्यासाठीं हंगामी वसतिगृहांची योजनाहि महाराष्ट्रांत निघालेली आहे. मास्तरांनीं दसऱ्यापूर्वींच जाणाऱ्या घरांची यादी करावी. समितीनें ठराव करून वसतिगृह मागावें. आणि आईबापांनीं, विशेषतः मुलीला, आजीपाशीं वा वसतिगृहांत ठेवून जावें. तिघांपैकीं एकानेंहि अंग काढलें तर बाकीच्या दोघांची मेहनत वायां जाते.

“आम्ही अडाणी, आम्हांस अभ्यासांतलें काय कळतें?” असें कित्येक आया म्हणतात. त्यांना आमचें उत्तर असें. मोटेच्या जागीं मोटार आली, तरी दारें धरणारा माणूस लागतोच. विहिरींतून पाणी काढणें शाळेचें काम. तें वाफ्यापर्यंत पोंचविणें घरचें काम. दारें धरावयास अक्षरओळख लागत नाहीं. मूल वेळेवर पाठवा. सांजेला एक तास त्याला कामाला लावूं नका व तेवढा वेळ घरांतला फोन बाजूला ठेवा. “आज काय शिकलास, मोठ्यानें वाचून दाखव,” एवढें विचारा व ऐका. महिन्यांतून एकदां शाळेची पायरी चढा. ज्या मुलाचें आई ऐकते तें मूल वाचूं लागतें.

कारागीर बंधूंसहि एक शब्द. सुताराचें पोर गुण्या लावतांना काटकोन शिकतें, कुंभाराचें पोर मडक्यावरून माप शिकतें. ही विद्या हलकी नाहीं. मास्तरांनीं ती वर्गांत आणावी, तिला हंसूं नये. पण शाळा बुडवून पोराला भाता ओढावयास बसविणें हें कसब शिकविणें नव्हे, ती फुकटची मजुरी होय.

दुसरीकडे, फी भरून मूल पिवळ्या गाडींत बसविलें म्हणजे जबाबदारी फिटली असें मानणारेहि वाढत आहेत. फीनें शाळेची जागा विकत मिळते, बापाचा तास मिळत नाहीं.

आणि आमच्या व्यवसायबंधूंनो, कागदांचीं व मोजणीचीं कामें आपल्या मानेवर आहेत हें खरें. त्याविरुद्ध आवाज अवश्य उठवा. पण त्या सबबीवर वस्तीवरच्या घराकडे पाठ फिरवूं नका. पालकास बोलावणें पाठवाल तें केवळ मुलाचा दोष सांगण्यासाठीं नसावें. त्याच्या पोरानें काय चांगलें केलें हेंहि सांगा; म्हणजे पुढल्या वेळीं तो न बोलावतां येईल.

तेव्हां पुढच्या सभेला प्रत्येक पालकानें तीन प्रश्न घेऊन जावें. माझें मूल किती दिवस आलें? त्याला काय वाचतां येतें? मीं घरीं काय करावें? आणि मास्तरांनींहि एक प्रश्न उलट विचारावा : मूल येत नाहीं त्या दिवशीं तें कोठें असतें? या चार प्रश्नांचीं खरीं उत्तरें ज्या गांवांत दिलीं जातील, तेथें दंडाची गरज पडणार नाहीं.