बॅटरीचा बल्ब बदलताना

दिवाळीत पणत्यांचे आणि आकाशकंदिलांचे कौतुक सारेच करतात. आज मी ज्या दिव्याविषयी बोलणार आहे, त्याच्या वाट्याला हे कौतुक कधी येत नाही. बिचारा कपाटाच्या खणात पडून असतो आणि वीज गेली की घरातल्या सर्वांना एकदम आठवतो. १८९९ साली डेव्हिड मिसेल याला अमेरिकेत या हातदिव्याचे पेटंट मिळाले. आपण त्याला नुसते 'बॅटरी' म्हणतो.

माझा भाचा दर वर्षी पावसाळा सरला की शाळकरी मुलांना घेऊन रात्रीचा गड चढतो. त्याच्याजवळ अमेरिकेहून आलेली, शुअरफायर कंपनीची '६पी' बॅटरी आहे. वीतभरही लांब नाही, पण अंग धातूचे आणि खटका शेपटाला, म्हणजे अंगठ्याखाली. पोलीस आणि सैनिक वापरतात तसली. 'टॅक्टिकल' म्हणतात तिला. तिचा बल्ब गेला तेव्हा स्वारी बाजारातला सर्वांत प्रखर बल्ब आणायला निघाली.

"मामा, दहापट उजेड देणारे मिळतात म्हणे!"

मी म्हटले, "बाबा रे, आधी तुझ्या सेलना विचार, त्यांना झेपेल का ते!"

वाचकहो, बल्ब निवडताना पहिला प्रश्न उजेडाचा नसतोच; तो व्होल्टचा असतो. आपल्या घरच्या दोन सेलांच्या बॅटरीत दीड-दीड मिळून ३ व्होल्ट होतात. तरी तिच्या बल्बवर २.४ किंवा २.५ लिहिलेले असते, कारण दिवा लागला की सेलचा दाब थोडा उतरतो. हा आकडा बल्बच्या पितळी कड्यावर बारीक अक्षरांत असतो. गेलेला बल्ब फेकण्यापूर्वी तो वाचून ठेवावा. तारेच्या बल्बला शेकडा ५ इतका दाब जास्त दिला, तर उजेड शेकडा अठराच्या आसपास वाढतो, पण आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते! भाच्याच्या बॅटरीत ३ व्होल्टचे दोन सेल, म्हणजे ६ व्होल्ट. त्याच मापाचे पुन्हा भरता येणारे लिथियमचे दोन सेल घातले, तर ताजे असताना ८.४ व्होल्ट होतात. मग ६ व्होल्टचा बल्ब एकदाच लखकन चमकतो आणि संपतो.

दुसरा प्रश्न बुडाचा. काही बल्बांना आटे असतात, काहींना नुसती कड असते. ६पीमध्ये तर बल्ब आणि त्यामागचा आरसा मिळून एकच नग बदलावा लागतो. म्हणून दुकानात जाताना जुना नग खिशात असावा.

तिसरा प्रश्न वेळेचा, आणि रात्री गड चढणाऱ्याला तोच मोलाचा. या बॅटरीचा मूळ नग ६५ ल्युमेन उजेड सुमारे तासभर देई. त्याच कंपनीचा प्रखर नग १२० ल्युमेन देई, पण अवघी २० मिनिटे! विसाव्या मिनिटाला मुले कड्याच्या वाटेवर असली, तर त्या प्रखरपणाचे काय करायचे?

येथे एलईडी उपयोगी पडते. जिच्यावर पांढरी एलईडी उभी आहे, त्या निळ्या एलईडीसाठी तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेवढ्याच सेलवर ती कितीतरी जास्त वेळ जळते. मात्र तिचे दोन हट्ट आहेत. सेल उलटे घातलेले तिला चालत नाहीत. तारेच्या बल्बला त्याचे काही नसते. आणि तिची उष्णता उजेडाबरोबर बाहेर पडत नाही. ती बुडातून बॅटरीच्या धातूच्या अंगात उतरावी लागते. नग सैल बसला की उष्णता आतच कोंडते, उजेड मंदावतो आणि एलईडी लवकर निकामी होते.

भाच्याला मी मध्यम उजेडाची एलईडी घ्यायला लावली. तिच्यावर छापलेल्या व्होल्टच्या मर्यादेत ६ बसत होते. घरी आणून ती अर्धा तास सलग लावली आणि अंगाला हात लावून पाहिला. अंग कोमट लागले, उजेडही टिकून होता. म्हणजे उष्णता योग्य वाटेने जात होती. अंग गार आणि उजेड मंद असता, तर तो नग मी परत करायला लावला असता. मुले ज्याच्या भरवशावर चालतात, त्या दिव्याची परीक्षा गडावर घ्यायची नसते.

तेव्हा या दिवाळीत फराळाचे डबे काढाल, तेव्हा खणातली बॅटरीही काढा. बल्बवरचा आकडा टिपून ठेवा, जोडीला एक जादा बल्ब आणा. आणि बॅटरी पुन्हा महिनोन्महिने पडून राहणार असेल, तर सेल काढून वेगळे ठेवा. गळलेला सेल चांगल्या बॅटरीचे आतडे खातो. पणतीला रोज तेल घालावे लागते. या दिव्याचे मागणे वर्षातून एवढेच!