ईसापूरच्या पाण्यावरची हद्द

कळमनुरीजवळच्या ईसापूर धरणावर उतरलेला पट्टकादंबांचा थवा हिंगोलीच्या पक्षियादीत धरायचा की यवतमाळच्या, हा वाद क्षुल्लक नाही. पैनगंगा इथे मराठवाडा आणि विदर्भ यांची सीमा आहे. १९५६पर्यंत ती हैदराबाद आणि मध्य प्रदेश या राज्यांची होती. धरणात नदी बुडाली, हद्द बुडाली नाही.

काहींचे म्हणणे, निरीक्षक ज्या काठावर उभा, पक्षी त्या जिल्ह्याचा. हे सोयीचे आहे, पण चूक आहे. दुर्बीण चांगली मिळाली म्हणून जिल्हा रुंदावत नाही. शिवाय दोन्ही काठांवरून मोजणी झाली की एकच थवा दोनदा नोंदला जातो. १९८७पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत असा दुप्पट आकडा गेला, तर घटणारी जातही वाढलेली दिसेल.

दुसरा पक्ष सर्वांत जवळच्या जमिनीचा नियम सुचवतो: पक्ष्याला जो काठ जवळ, त्या जिल्ह्याचा तो. अमेरिकन बर्डिंग असोसिएशन २०० सागरी मैलांपर्यंतच्या पक्ष्यांना तो लावते. कोकण आणि गोव्यासमोरच्या समुद्रात तो मलाही मान्य आहे, कारण १९७६च्या सागरी क्षेत्र कायद्याने २०० सागरी मैलांचे आर्थिक क्षेत्र देशाचे ठरवले, त्याची राज्यवार वाटणी केली नाही. पण धरणाचा काठ स्थिर नसतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरते, गाळपेर उघडी पडते आणि काठाबरोबर दोन काठांमधली मध्यरेषाही सरकते. मग त्याच जागचा पक्षी जानेवारीत एका जिल्ह्याचा आणि मेमध्ये दुसऱ्याचा ठरेल. समुद्रात रेषा नव्हती म्हणून आखावी लागली. इथे महसुली नकाशावर ती आहेच.

पक्ष्यांना हद्द नसते, मग जिल्ह्याची यादी हवी कशाला, असेही विचारले जाते. पण शिकार रोखणारी, पाणथळ जागा राखणारी कार्यालये हद्दीनेच चालतात. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधीच्या ‘परभणी जिल्हा’ एवढ्याच नोंदीचे आज काय करायचे? गावाचे नाव लिहिलेली नोंद मात्र अजून कामाची आहे.

म्हणून दोन कामे वेगळी ठेवावीत. संख्या मोजताना अख्खा जलाशय एकच धरावा: दोन्ही काठांवर पथके, एकच वेळ, एकच बेरीज. जिल्ह्याची यादी करताना पक्षी जिथे होता ती जागा महसुली हद्दीवर ताडून पाहावी. जागा नक्की सांगता येत नसेल, तर ‘ईसापूर जलाशय’ लिहून जिल्ह्याचा रकाना रिकामा सोडावा. रात्री हरभऱ्यात चरणाऱ्या कादंबांची नोंद त्या शिवाराची; दिवसा पाण्यावर विसावलेल्यांची जलाशयाची.

हिंगोलीतल्या कळमनुरीच्या आणि यवतमाळमधल्या पुसदच्या पक्षिमित्रांनी येत्या जानेवारीआधी एकत्र बसून हा नियम ठरवावा. आपल्या जिल्ह्याच्या यादीत एक नाव कमी झाले तरी चालेल. आकडा खरा असला पाहिजे.