डबीवरचा आकडा आणि टाकीतलं पाणी

मेसच्या डाळीवरचा ज्याचा विश्वास उडाला, त्याच्या टेबलावर हल्ली स्पिरुलिनाची हिरवी डबी हमखास दिसते! डबीवर ठळक अक्षरात 'प्रोटीन ६० टक्के'. माझं स्पष्ट मत आहे की हा आकडा डोळे मिटून मान्य करू नये.

स्पिरुलिना म्हणजे सूक्ष्म शैवाल, शास्त्राच्या भाषेत सायनोबॅक्टेरिया. बुलढाण्याच्या लोणार सरोवरात ते आपोआप वाढतं, कारण तिथलं पाणी खारट आणि अल्कधर्मी. पण जून २०२० मध्ये पाणी घटलं, क्षार वाढले आणि सरोवर चक्क गुलाबी झालं! पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं, तेव्हा कारण निघालं हॅलोआर्किया हे मीठप्रेमी सूक्ष्मजीव. म्हणजे पाणी बदललं की आत वाढणारं पीकही बदलतं.

टाकीतही तेच. खाण्याचा सोडा आणि नायट्रेट भरपूर, तापमान ३५ अंशांच्या आसपास असेल, तर प्रोटीन ५५ ते ७० टक्के भरतं. नायट्रेट कमी पडलं की प्रोटीन घसरतं, कार्बोहायड्रेट वाढतं. उजेड मंद असला की निळं फायकोसायनिन वाढतं. पाण्यात शिसं असेल तर शैवाल तेही शोषून घेतं! पुढे साठवण. आपल्या वडप्याच्या हायवेवरच्या पत्र्याच्या गोदामात मे महिन्यात दहा मिनिटं उभं राहून बघा. अशा उकाड्यात महिनोन्‌महिने पडलेल्या डबीत बीटा-कॅरोटीन किती उरणार?

आता साधा हिशोब. ५०० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या म्हणजे ३ ग्रॅम पावडर. ६० टक्के धरले तरी प्रोटीन १.८ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतं! आणि शाकाहारी मंडळींनी बी-१२ साठीही यावर विसंबू नये, कारण त्यातलं बहुतेक बी-१२ आपल्या शरीराला लागूच पडत नाही.

मग काय, खायचंच नाही? खा की! पण घरून आलेले पैसे मोजण्याआधी विचारा : कुठल्या पाण्यात वाढवलं, कसं वाळवलं, या बॅचचा धातूंचा रिपोर्ट आहे का? लॅबमध्ये रीडिंगसोबत कंडिशन्स लिहिल्या नाहीत तर सर आपलं जर्नल परत करतात. मग डबीवाल्यालाच सूट का?